तलवार भाड्याची, मूठ आपली

'ब्रिटनकडे स्वतःची अण्वस्त्रं आहेत, त्यामुळे जर्मनीचं अडतं तसं त्यांचं अमेरिकेवाचून अडत नाही' असं म्हटलं जातं, पण ते अर्धंच खरं आहे. पाणबुड्या त्यांच्या, स्फोटक शीर्षं त्यांची, डागायचा हुकूमही त्यांच्या पंतप्रधानांचा. पण ती शीर्षं वाहून नेणारी, पाणबुडीतून डागायची ट्रायडंट क्षेपणास्त्रं अमेरिकन. जॉर्जिया राज्यातल्या किंग्ज बे तळावरच्या, दोन्ही देशांच्या सामाईक साठ्यातून ती उचलायची आणि मोठ्या देखभालीला परत तिथेच न्यायची. तलवार भाड्याची, मूठ तेवढी आपली!

विमानवाहू नौकेचंही तेच. २०२१ साली 'क्वीन एलिझाबेथ' गाजावाजा करत पहिल्या मोठ्या मोहिमेवर निघाली, ऑक्टोबरात 'कोकण शक्ती' सरावासाठी आपल्याकडेही आली. तिच्यावर एफ-३५ लढाऊ विमानं होती १८. त्यातली ब्रिटनची ८, बाकी १० अमेरिकन मरीन्सची. (त्या आठातलंही एक पुढच्याच महिन्यात भूमध्य समुद्रात पडलं. इंजिनाच्या तोंडावरचं झाकण काढायचं राहून गेलं होतं म्हणे!)

१९८२ च्या अर्जेंटिनाविरुद्धच्या फॉकलंड युद्धातही विमानांवरची साइडवाइंडर क्षेपणास्त्रं अमेरिकेनेच पुरवली होती, हे कबूल. पण तेव्हा ब्रिटनची शंभरावर जहाजं आठ हजार मैलांवर धाडायची ऐपत होती. आज तेवढी जहाजं आणणार कुठून?