रविवारी रात्री आठ जणांना जेवायला कुठे न्यावं? (मदत हवी आहे)

केतकी_क
शनिवारी रात्री मैत्रीण येतेय. सोबत नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. रविवारी दिवसभर घरात पंख्याखाली निवांत गप्पा आणि रात्री सगळ्यांनी बाहेर जेवायचं, एवढंच ठरलंय. चार ठिकाणी फोन केले. दोघांकडे रविवारी संध्याकाळी बंद, एक म्हणाले टेबल राखून ठेवत नाही, चौथ्यांनी फोनच उचलला नाही. साधी थाळी आणि शांत जागा हवी. लवकर सुचवा, आजच ठरवायचंय.

डोंगरवाट
गाव कुठलं?

केतकी_क
पुणे, कोथरूड.

नाना_पेठकर
शाकाहारी ना? आठमध्ये मुलं धरलीत का?

केतकी_क
शाकाहारी. मुलं धरून आठ, आम्ही तिघं त्यातच.

डोंगरवाट
थाळीचं सोडा. पहाटे साडेपाचला निघा आणि सिंहगड गाठा. वर पिठलं-भाकरी, ठेचा, मडक्यातलं दही. आमच्याकडे पाहुणे आले की मी दरवेळी हेच करतो.

केतकी_क
सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. हॉटेलचा जिनासुद्धा नको.

डोंगरवाट
गाडी वरपर्यंत जाते की.

नाना_पेठकर
मे महिन्यातल्या रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते, म्हातारं माणूस त्यात उकडून निघेल. आणि त्यांनी रात्रीच्या जेवणाचं विचारलंय.

शुभदा७१
केतकी, रविवारी संकष्टी आहे. तुमच्यापैकी कुणाची असते का?

केतकी_क
हो, मैत्रिणीची असते. ती चंद्र बघूनच सोडेल. कांदा-लसूण नको.

नाना_पेठकर
अहो, मग हे आधी सांगायचं! या दिवसांत संकष्टीचा चंद्रोदय रात्री दहाच्या आसपास असतो. तोवर थाळीवाले पातेली घासायला घेतात. म्हणजे तुमचा प्रश्न चांगल्या थाळीचा नाहीच, दहानंतर ताट कोण वाढेल हा आहे.

मानसी_आगाशे_वाडी
दुपारी उन्हाचं मस्तानी आणा घरी. आंब्याची मस्तानी उपासालाही चालते, दूध आणि आंबाच तर असतो.

नाना_पेठकर
चालत नाही. आइस्क्रीममध्ये कॉर्नफ्लोअर असू शकतं. ज्याला उपास काटेकोर करायचाय त्याला विचारल्याशिवाय देऊ नका.

मानसी_आगाशे_वाडी
आमच्या घरी तीन पिढ्या चालतंय. साबुदाणा तरी कुठे इथला आहे? तो चालतो ना?

पोथीनिष्ठ
मस्तानीवरून आठवलं, मुलांना केळकर संग्रहालय दाखवा. कोथरूडचा मस्तानी महाल सोडवून तिथे पुन्हा उभा केलाय. दिनकर केळकरांनी हे संग्रहालय लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने केलं. अडकित्ते आणि दिवे बघताना मुलं रमतात.

केतकी_क
धन्यवाद, पण यावेळी कुठेच हिंडायचं नाहीये. सासूबाईंचं ऑपरेशन, मुलांच्या परीक्षा आणि स्वतःची नोकरी यांत सहा महिने ती एका जागी टेकलेली नाही. परवा फोनवर म्हणाली, "मला फक्त तुझ्याकडे येऊन आडवं पडायचंय." रात्री तिच्या हातात कुणीतरी आयतं ताट द्यावं, म्हणून बाहेर जायचं. नाहीतर ती माझ्या ओट्यापाशी येऊन उभी राहणार, मी ओळखते तिला.

तापीकाठ
पाहुणे कुठले?

केतकी_क
जळगाव.

तापीकाठ
मग त्यांना पुण्याच्या उन्हाचं काही वाटणार नाही! पण आमरसाशिवाय मे महिन्यातला पाहुणचार आमच्याकडे धरत नाहीत. आमची आई उपड्या खापरावर पुरणपोळी टाकायची. लाटणं नाही, दोन्ही हातांवर झेलत झेलत पोळी कोपरापर्यंत वाढवायची आणि अलगद खापरावर सोडायची. सोबत रस. रसाला पायरीच घ्या.

मानसी_आगाशे_वाडी
रस हापूसचाच. वरून तूप आणि सुंठ.

तापीकाठ
हापूस कापून खायचा आंबा. रसाला पायरीच.

शुभदा७१
आंब्याचा वेगळा धागा काढा, तिचा रविवार राहून जाईल. केतकी, मी इतकी वर्षं संकष्टी करते, तेव्हा ऐक. मोठ्या हॉटेलांच्या मागे लागू नकोस. घरचीच माणसं चालवतात अशा खानावळीत स्वतः जा, फोनवर नको. सांग की सहा जण नऊ वाजता बसतील आणि एक पान दहानंतर लागेल. उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगावे लागतात. कॅलेंडरात पुण्याची वेळ बघ, जळगावची नाही. आणि वेळ झाली तरी इमारतींमागून चंद्र वर यायला पंधरा-वीस मिनिटं जातात, ती धर.

नाना_पेठकर
आठ जण आहेत. सहा आणि एक सात होतात.

शुभदा७१
केतकी मैत्रिणीबरोबर थांबेल असं मी धरलं. म्हणजे पानं दोन लागतील.

केतकी_क
बरोबर धरलंत. हॉस्टेलवर संकष्टीला ती जिन्यात ताट झाकून बसायची आणि मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे चंद्र दिसतो का ते बघायला धावायचे. दिसला की वरूनच हाक मारायची.

आत्ताच जाऊन आले. घराजवळच तळमजल्यावर एक खानावळ आहे, रोज तिच्यावरून जाते पण कधी आत गेले नव्हते. काकू आधी नाहीच म्हणाल्या, साडेदहाला गॅस बंद करतात. संकष्टी म्हटल्यावर म्हणाल्या, "दोन पानं झाकून ठेवते. मोदक किती?" अकरा सांगितले. समोर मैदान आहे, पूर्वेकडे मोकळं दिसतं.

डोंगरवाट
खानावळीचं नाव काय?

तापीकाठ
आणि रस आहे का त्यांच्याकडे?