मदत हवी आहे: डायलिसिसवरच्या कच्च्या कैद्याचा वैद्यकीय जामीन

केस एनडीपीएसची (अंमली पदार्थविरोधी कायदा), व्यावसायिक प्रमाणाची, म्हणजे जामिनावर कडक अटी घालणारं कलम 37 आडवं येतंय. बंदी 58 वर्षांचे, दोन्ही किडन्या निकामी. आठवड्याला 3 डायलिसिस लिहून दिलेत. होतात 2, कधी 1, कारण रुग्णालयात न्यायला पोलिस पार्टी मिळत नाही.

विशेष न्यायालयाने अर्ज फेटाळला. कारागृहाच्या वैद्यकीय अहवालात 'प्रकृती स्थिर, उपचार उपलब्ध' एवढंच. चुकलेल्या फेऱ्यांचा उल्लेखच नाही. आमच्याकडूनही चूक झाली: जुनी डिस्चार्ज कार्डं लावली, ताजे क्रिएटिनिन-पोटॅशियमचे (किडनीची स्थिती दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांचे) रिपोर्ट नव्हते. आता आहेत.

पीएमएलएच्या (मनी लाँडरिंगविरोधी कायदा) कलम 45 मध्ये आजारी-अशक्त आरोपींसाठी परंतुक (अपवादाची तरतूद) आहे, तसं कलम 37 मध्ये नाही. म्हणून उच्च न्यायालयात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 483 (जामिनाचे विशेष अधिकार) खाली, घटनेच्या कलम 21 चा (जीविताचा हक्क) आधार घेऊन 8 आठवड्यांचा तात्पुरता जामीन मागायचा विचार आहे. सोबत शासकीय मेडिकल बोर्डाकडून तपासणी. कवी वरवरा राव यांना वैद्यकीय जामीन देणारा मुंबई उच्च न्यायालयाचा 2021 चा आदेश वाचलाय, पण तो यूएपीएतला (दहशतवादविरोधी कायदा).

वकील आहेत, तेव्हा 'चांगला वकील गाठा' नको. पॅरोल-फर्लोही सुचवू नका, अजून शिक्षा झालेली नाही.

अडलंय ते पुराव्यावर. डायलिसिस युनिटचं रजिस्टर आणि कारागृहाच्या गेटवरच्या नोंदी बंद्याच्या सहीने माहिती अधिकारात मागाव्यात (जीविताच्या प्रश्नाला 48 तासांची तरतूद आहे), की अर्जातच न्यायालयाला त्या मागवायची विनंती करावी? प्रत्यक्षात कशाने लवकर हाती लागतात?