‘ब्रेक डाउन’साठी मराठीत कोणते क्रियापद योजावे?

प्रश्न : सोलापुरातील आमच्या यंत्रमाग कारखान्यात टेरी टॉवेल तयार होतात. यंत्रांची देखभाल, कापडावरील प्रक्रिया आणि उत्पादनखर्च यांविषयीची इंग्रजी माहिती कामगारांसाठी मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले आहे. या मजकुरात ‘ब्रेक डाउन’ हे क्रियापद वारंवार येते आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ निराळा लागतो. कोशात ‘मोडणे, कोसळणे, बिघडणे, विघटन होणे’ असे पर्याय एका ओळीत दिलेले असतात. त्यांतून निवड कशी करावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : आपली अडचण जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच असे म्हटले आहे की, क्रियापदापुढे एखादे अव्यय जोडून त्याचा अर्थ पालटण्याची इंग्रजीची रीत परभाषकांना सर्वांत जास्त अडचणीची ठरते. अशा जोडक्रियापदांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र विसाव्या शतकात रूढ झाले.

येथे ‘डाउन’चा ‘खाली’ हा अर्थ मनातून काढून टाकावा. ‘शट डाउन’, ‘क्लोज डाउन’ यांच्याप्रमाणेच ‘ब्रेक डाउन’मध्येही हे अव्यय क्रिया शेवटाला गेल्याचे सुचवते. मराठीत हेच काम बहुधा दुसरे क्रियापद करते. दुकान रात्री बंद होते, पण धंदा बंद पडतो. या दोन वाक्यांतला सगळा फरक ‘पडणे’ या क्रियापदाने आणलेला आहे. जे कोणाच्या इच्छेने झाले नाही आणि जे आपोआप पूर्ववत होणार नाही, ते ‘पडते’. म्हणून यंत्राच्या संदर्भात ‘माग बंद पडला’ हाच पर्याय मला सर्वांत योग्य वाटतो. ‘माग मोडला’ म्हटले तर त्याचा एखादा भाग तुटला असे वाटेल, आणि ‘यंत्रस्थगन’ यासारखा घडवलेला शब्द मागावर उभ्या असलेल्या कामगाराच्या कानाला परका लागेल. सोलापुरात मागावर काम करणाऱ्या कितीतरी जणांची घरची भाषा तेलुगू किंवा कन्नड आहे. त्यांच्यासाठी लिहिताना कारखान्यात रोज बोलली जाणारी मराठीच वापरली पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

यंत्राच्या बाबतीत आणखी एक भेद कटाक्षाने पाळावा. आडवा धागा, म्हणजे बाणा, तुटला की मागावरचा काटा ते ओळखतो आणि माग थांबतो. कामगार कांडी बदलतो, धागा लावतो आणि माग पुन्हा सुरू करतो. हे ‘ब्रेक डाउन’ नव्हे, कारण माग ठरल्याप्रमाणेच वागला आहे. माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला बोलवावे लागते तेव्हा मात्र माग ‘बंद पडलेला’ असतो, आणि ज्या दोषामुळे तो बंद पडला तो ‘बिघाड’ होय. ‘थांबला’, ‘बिघडला’ आणि ‘बंद पडला’ या तीन शब्दांची सरमिसळ झाली, तर देखभालीच्या नोंदवहीतून खरी माहितीच मिळणार नाही.

प्रक्रियेच्या विभागात हेच क्रियापद पूर्णपणे निराळ्या अर्थाने येते. विणताना होणारे घर्षण सोसावे म्हणून ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, सुताला खळ दिलेली असते. ती कापडावर तशीच राहिली तर पाणी आणि रंग आतपर्यंत नीट शोषले जात नाहीत, म्हणून विणाईनंतर ती काढावी लागते. खळ स्टार्चची असेल तर त्यासाठी अमायलेज हे विकर (एन्झाइम) वापरतात, आणि ते स्टार्चचे ‘ब्रेक डाउन’ करते. येथे ‘विघटन’ हा शब्द अचूक आहे, कारण मोठ्या रेणूचे पाण्यात विरघळणारे लहान रेणू होतात. तरी कामगारांसाठी मी असे लिहीन : ‘विकरामुळे खळ फुटते आणि पाण्याबरोबर धुऊन निघते.’ आपल्या लाळेतही अमायलेज असते. ज्वारीची कडक भाकरी बराच वेळ चावत राहिली की ती गोडसर लागू लागते, ती याच विघटनामुळे. पुस्तिकेत हे उदाहरण दिल्यास ‘विघटन’ हा शब्दही कामगारांना सहज कळेल.

खर्चाच्या बाबतीत ‘फोड’ हा आपला अस्सल शब्द हाताशी आहे. गणितात पदावलीची फोड करतात, व्याकरणात संधीची फोड करतात; त्याच न्यायाने एका टॉवेलमागे येणाऱ्या खर्चाची सूत, रंग, वीज आणि मजुरी अशी फोड करावी. ‘विश्लेषण’ हा शब्द येथे पुष्कळदा योजला जातो, तो मला मान्य नाही. फोडीत केवळ भाग वेगळे होतात, तर विश्लेषणात त्यांच्या परस्परसंबंधाचा विचारही येतो.

दुसरे मत : वरील विवेचनाशी मी सहमत आहे. माणसांविषयीचा मजकूर असेल तर निवड अधिक नाजूक होते, म्हणून थोडी भर घालतो. बोनसची बोलणी ‘फिसकटतात’, प्रकृती ‘ढासळते’, आणि विरोध ‘मोडून काढला’ जातो. एखादी व्यक्ती बोलता बोलता ‘ब्रेक डाउन’ झाली, तर तिला ‘रडू कोसळले’ असे म्हणावे. पण दीर्घकाळच्या ताणाने तिची उभारीच गेली असेल, तर ती ‘खचली’ किंवा ‘कोलमडली’. पहिली अवस्था घटकाभराची असते, दुसरीतून सावरायला महिने लागू शकतात. वृत्तपत्रे दोन्ही ठिकाणी ‘भावनिक ब्रेकडाउन’ लिहितात आणि हा भेद वाचकापर्यंत पोहोचतच नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘ब्रेकडाउन’ हे नाम मात्र यंत्रापुरते मराठीत खुशाल राहू द्यावे. एसटीच्या थांब्यापासून कारखान्यापर्यंत ते सर्वांना कळते. इंग्रजीत क्रियापद दोन शब्दांत लिहितात आणि उच्चाराचा जोर ‘डाउन’वर देतात, नाम एका शब्दात लिहितात आणि जोर ‘ब्रेक’वर येतो. मराठी लिहितानाही हा जोडून-तोडून लिहिण्याचा नियम पाळावा.

प्रश्नकर्ता : आपणा दोघांचा आभारी आहे. ‘ब्रेकडाउन मेंटेनन्स’ला ‘बंद पडल्यानंतरची दुरुस्ती’ म्हटले तर चालेल का?

उत्तर : चालेल. त्याच्या जोडीला येणाऱ्या ‘प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स’ला ‘बंद पडू नये म्हणून घ्यायची निगा’ असे म्हणावे. दोन्ही ठिकाणी एकच क्रियापद राहिल्याने तक्ता वाचणाऱ्याला दोहोंतील फरक चटकन दिसेल.