मदत हवी आहे: आयर्लंडच्या बरेनमध्ये सायकलसाठी शांत रस्ते कुठले?

लिमरिकवासी

नमस्कार मंडळी,

मी लिमरिकला राहतो. मेच्या मध्यावर माझा मोठा भाऊ पुण्याहून येतोय. त्यानं फोनवरच बजावलंय, "मोहरचे कडे बिडे फोटोत बघितलेत. मला सायकल चालवायला ने." दादाचं वय ५८. कोकणात सागरी मार्गानं फेरीबोटी करत दापोली-गुहागर केलेला माणूस आहे, त्यामुळे चढाची धास्ती नाही. मागून हॉर्न वाजला की मात्र त्याचं डोकं फिरतं.

म्हणून क्लेअर परगण्यातलं बरेन डोक्यात आहे. समुद्राला लागून असलेलं ते चुनखडीचं राखाडी पठार. मी तिथे गाडीनं जाऊन आलोय, पण गाडीतून रस्त्याचा अंदाज येत नाही. आमच्याकडे दोन दिवस आहेत, मुक्काम बॅलीव्हॉनला. रोज ४०-४५ किलोमीटरपर्यंत चालेल. सायकली भाड्यानं घेणार.

नकाशात सगळ्यात ठळक दिसतो तो आर ४७७, बॅलीव्हॉनहून ब्लॅक हेडला वळसा घालून फॅनोरकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता. तो दिसायला अप्रतिम आहे, पण गाड्या फार. त्याला पर्याय आहे का, की वेळ साधून तोच करावा? पोलनाब्रोनचं दगडी थडगं दादाला बघायचंच आहे, तिथे आर ४८० सोडून मागच्या बाजूनं जाता येतं का? आणि दादा शुद्ध शाकाहारी आहे, अंडंही नाही. वाटेत काय मिळेल?

गॉलवेकर

किनाऱ्याचा रस्ता टाळू नका, फक्त दिशा आणि वेळ बदला. बहुतेक लोक बॅलीव्हॉनहून निघून आधी ब्लॅक हेडला जातात. ते वळण संपलं की नैर्ऋत्येचा वारा थेट तोंडावर येतो, आणि इथे बहुतेक दिवस वारा त्याच बाजूनं असतो. उलटं करा. बॅलीव्हॉनहून आतल्या अंगानं फीनाच्या खोऱ्यातून चढा, कॅहर नदीच्या खोऱ्यातून फॅनोरला उतरा आणि मग किनाऱ्यानं उत्तरेला. वारा पाठीशी येतो. शिवाय इथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं असल्यामुळे समुद्र तुमच्या बाजूला राहतो, मध्ये गाड्यांची रांग नाही. सगळा फेरा साधारण ३० किलोमीटरचा.

कॅहरच्या खोऱ्याला इथली मंडळी गमतीनं खैबरखिंड म्हणतात. रस्ता एका गाडीपुरता, काही ठिकाणी मधोमध गवत. दोन्ही बाजूंना गडगे, तेही असे की दगडांमधल्या फटींतून पलीकडचं आभाळ दिसतं. शेजारून नदी वाहते. बरेनमध्ये उगमापासून समुद्रापर्यंत जमिनीवरून वाहणारी ही एकच नदी, बाकीचं पाणी चुनखडीच्या भेगांतून खाली गडप होतं. म्हणूनच पाण्याच्या बाटल्या बॅलीव्हॉनलाच भरून घ्या, वाटेत ओढ्याच्या भरवशावर राहू नका.

सकाळी आठला निघालात तर दहाच्या आत ब्लॅक हेड उरकतं. डब्लिनहून मोहरला येणाऱ्या बसगाड्या या भागात पोचेपर्यंत दुपार होते.

दोन_चाकी_संसार

गॉलवेकरांना अनुमोदन. एक भर: कॉर्कस्क्रू हिल चुकवू नका. बॅलीव्हॉनहून लिस्डूनवार्नाला जाणाऱ्या एन ६७ वरचा हा नागमोडी घाट. १८४०च्या दशकातल्या दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून बांधलेला. वरून गॉलवेचा अख्खा उपसागर दिसतो. कोकणातले घाट केलेल्या माणसाला किरकोळ आहे.

गॉलवेकर

चढ किरकोळ आहे हो, पण तो राष्ट्रीय मार्ग आहे. वळणावर मागून बस आली तर अंग चोरायला जागा नाही. धागाकर्त्यानं 'शांत' हा शब्द शीर्षकातच घातलाय. माझ्या मते तो घाट गाडीतूनच बघावा.

दुसऱ्या दिवसासाठी: आर ४८० ला समांतर असा धड रस्ता नाही. पोलनाब्रोनपर्यंतचे आठ-नऊ किलोमीटर त्याच रस्त्यानं जावं लागेल, सकाळी लवकर उरका. थडगं पाच हजार वर्षांहून जुनं आहे, रस्त्यापासून चालत पाच मिनिटं. त्यानंतर थोडं दक्षिणेला जाऊन डावीकडे कॅरन गावाचा फाटा घ्या. तिथून पुढे खरं बरेन सुरू होतं. कॅरनपाशी मोठा टरलॉक आहे, म्हणजे हिवाळ्यातल्या पावसात जमिनीखालून पाणी वर येऊन भरणारं आणि उन्हाळ्यात त्याच भोकांतून रिकामं होणारं तळं. मे महिन्यात तिथे बहुधा गुरं चरताना दिसतील. कॅरनहून उत्तरेला बेल हार्बरकडे छान लांब उतार आहे, वाटेत फाटा घेऊन कॉरकमरोचा पडका मठ बघता येतो. बेल हार्बर ते बॅलीव्हॉन एवढा शेवटचा तुकडा मात्र एन ६७ वरून. त्याला इलाज नाही. मागचे दिवे लावा आणि एकापाठोपाठ एक चला.

पाय शिल्लक असतील तर बेल हार्बरहून न्यू कीकडे वळून फ्लॅगी शोरचा फेरा मारा. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला तळं, मध्ये चिंचोळी सडक.

रानवाट

तारखा उत्तम निवडल्यात. एप्रिल अखेर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत तिथे स्प्रिंग जेन्शियन फुलतं. निळा इतका गडद की पहिल्यांदा पाहिल्यावर कुणीतरी प्लॅस्टिकचं टाकलंय असं वाटतं. फूल बोटाच्या पेरापेक्षा जेमतेम मोठं, त्यामुळे सायकलवरून दिसणार नाही, उतरून वाकावं लागेल. थंड उत्तरेकडची आणि भूमध्य समुद्राकडची झाडं तिथे एकाच खडकावर नांदतात. भेगांमध्ये डोकावून बघा, आत नेचे असतात. वर वाऱ्यानं सगळं झोडपलेलं आणि हातभर खाली ओलसर सावली.

हे टिकलंय ते गुरांमुळे. बाकीकडे गुरं उन्हाळ्यात डोंगरावर नेतात, इथे हिवाळ्यात नेतात, कारण चुनखडी उन्हाची ऊब धरून ठेवते आणि वर जमीन कोरडी राहते. थंडीत गुरं वाळकं गवत खाऊन टाकतात, म्हणून वसंतात फुलांना उजेड मिळतो. कासला कुंपण घालून चराई थांबवण्यावरून जे वाद झाले, ते आठवतात इथे. असो, विषयांतर झालं.

फुलं तोडू नका, आणि सायकल खडकावर आडवी टाकू नका.

दोन_चाकी_संसार

खाण्याचं: फॅनोर आणि कॅरन दोन्हीकडे फारशी दुकानं नाहीत, आठवड्याच्या मधल्या वारी तर पब दुपारी बंदही असू शकतो. सूप 'व्हेजिटेबल' म्हटलं तरी ते कशाच्या पाण्यात उकळलंय ते विचारा, बऱ्याचदा कोंबडीचं असतं. स्कोनमध्ये अंडं असू शकतं. आमच्याकडे वहिनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देतात, तेवढं असलं की जग जिंकलं.

लिमरिकवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिला दिवस कॅहर खोऱ्यातून उलटा फेरा, दुसरा पोलनाब्रोन-कॅरन-बेल हार्बर, हे ठरलं. कॉर्कस्क्रू रद्द. दादाला दोन्ही बाजू वाचून दाखवल्या, तो म्हणाला, "बस असेल तर नको." दशम्यांची जबाबदारी माझ्यावरच आहे, बायको भारतात गेलीये.

आता दोन शंका. लिमरिकहून गाडी न्यायची नाही असा विचार आहे. गॉर्टपर्यंत रेल्वेनं आणि पुढे सायकलनं, हे जमेल का? आणि भाड्याच्या सायकलीला टायर किती रुंद मागू?

गॉलवेकर

जमेल. लिमरिक-गॉलवे गाडी गॉर्टला थांबते. पण डब्यात सायकलींना जागा मोजकी, आधी चौकशी करून जागा नक्की करा. पण मग सायकली बॅलीव्हॉनला नाही, लिमरिकलाच भाड्यानं घ्याव्या लागतील. गॉर्ट ते बॅलीव्हॉन किनव्हारावरून तीस-पस्तीस किलोमीटर होतील, म्हणजे जाण्याचा अर्धा दिवस वेगळा धरा. वाटेपासून थोडं बाजूला किलमॅकडुआचा कललेला गोल मनोरा आहे. तीस मीटरहून उंच, लांबूनच दिसतो.

टायर ३५ मिलिमीटर रुंदीचे मागा, २८ नको. आतल्या रस्त्यांवर खडी मोकळी असते आणि ट्रॅक्टरनं ओढून आणलेली माती वळणावर साचते. प्रत्येकी दोन ट्यूब ठेवा. नकाशा फोनवर आधीच उतरवून घ्या, खोऱ्यात रेंज जाते आणि लहान फाट्यांवर पाटी असेलच असं नाही.