पर्जन्यवृक्षाच्या ढोलीत धनेश: छाटणीचे काय करावे?

पडवी: मुलुंडमधील आमच्या सोसायटीच्या आवारात एक जुना पर्जन्यवृक्ष आहे. त्याच्या अर्धवट वाळलेल्या फांदीतील ढोलीपाशी गेले दहा-बारा दिवस जाड, वाकड्या चोचीचा करडा पक्षी येतो. त्याचा चिरका आवाज ऐकून आम्ही आधी घारच समजलो होतो. तो मानेला हिसके देत घशातून एकेक उंबर वर काढतो आणि लिंपून टाकलेल्या ढोलीच्या चिंचोळ्या फटीतून आतल्या चोचीत देतो. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत पुढच्या आठवड्यात नेमकी हीच फांदी उतरवायची आहे. काही सभासद म्हणतात, आत अडकलेल्या पक्ष्याला आधी सोडवावे.

उंबरठा: कृपया सोडवू नका. हा राखी धनेश आहे आणि त्याची मादी अडकलेली नाही. अंडी घालण्यासाठी आत शिरून तिनेच विष्ठेने ते तोंड लिंपून घेतले आहे. आत असताना तिची उडण्याची पिसे गळून पडतात, त्यामुळे आज बाहेर काढलीत तर ती उडू शकणार नाही आणि कावळ्या-मांजरांच्या तावडीत सापडेल. अंड्यांतून पिल्ले निघाल्यावर साधारण दोन आठवड्यांनी ती स्वतःच भिंत फोडून बाहेर पडते आणि नराबरोबर पिल्लांना भरवू लागते. तोवर सारे ओझे एकट्या नरावर असते.

ठाणेकर: छाटणीला १९७५ च्या वृक्ष अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे तुमच्या समितीला ठाऊक असेलच. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात अंड्यांना वा घरट्याला उपद्रव देणे हेदेखील शिकारीच्या व्याख्येत येते, हे सहसा कोणी वाचलेले नसते. आमच्याकडे अशाच प्रसंगी इतर फांद्या छाटून घेतल्या, ढोलीची फांदी ठेवली आणि तिच्याखालचे पार्किंग दोरी बांधून बंद केले. पिल्ले उडून जाईपर्यंत कुरकुर पुष्कळ झाली, हे कबूल करतो.

उंबरठा: एक राहिले. धनेशाला जिवंत लाकडात नवी ढोली कोरता येत नाही. त्याला जुन्या झाडातील तयार पोकळीच लागते आणि सोयीची ढोली तो पुन्हा वापरतो. म्हणून पिल्ले गेल्यावरही फांदी बुडापासून कापू नका. टोकाकडचा भार कमी करून ढोलीचा भाग राखता येईल का, ते जाणकाराकडून पाहून घ्या. छायाचित्रे टाकताना सोसायटीचे नाव टाळा.

पडवी: आभारी आहे. समितीला आजच पत्र दिले. त्या फांदीखाली उभी असते ती गाडी माझीच आहे, त्यामुळे पार्किंगचा आक्षेप तरी कोणी घेणार नाही.