मदत हवी आहे: दोन चेकराइडमध्ये (विमान उडवून दाखवायच्या परीक्षेत) नापास, एअरलाइनच्या फॉर्मवर नेमकं काय लिहू?

नमस्कार मंडळी. मी अमळनेर तालुक्यातला. अमेरिकेत ट्रेनिंग केलं, परत येऊन डीजीसीएचे (आपल्याकडची विमान वाहतुकीची नियामक संस्था) पेपर दिले, इथलं कमर्शियल लायसन्स हातात आलं. (मेटिओरॉलॉजी, म्हणजे हवामानाचा पेपर, दुसऱ्या खेपेला निघाला. ७० टक्क्यांना पासिंग आहे, हसू नका.) आता एका एअरलाइनचा फॉर्म भरतोय. त्यात प्रश्न आहे: आजवर कोणत्याही फ्लाइट टेस्टमध्ये नापास झाला आहात का? असल्यास तारीख व कारण. चार दिवस त्याच रकान्यावर अडकलोय.

माझा हिशेब असा. इन्स्ट्रुमेंटच्या (बाहेर न बघता उपकरणांवर उडवायच्या) चेकराइडला आयएलएस अप्रोचवर, म्हणजे रेडिओ संकेतांच्या आधारे रनवेकडे उतरताना, ग्लाइडस्लोपची (उतरण्याचा कोन दाखवणारी) सुई पाऊण स्केलच्या पलीकडे गेली. तिथेच गो-अराउंड करायला, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जायला हवं होतं. मी सुईच्या मागे धावत बसलो. नापास.

दुसरी कमर्शियलची. पॉवर ऑफ वन-एटी नावाचा प्रकार असतो. डाउनविंडला, म्हणजे रनवेला समांतर उलट दिशेने उडताना, रनवेवरच्या ठरलेल्या खुणेच्या बरोबरीला आलो की थ्रॉटल पूर्ण मागे ओढायचा आणि इंजिनाच्या जोराशिवाय वळून उतरायचं. चाकं खुणेवर किंवा तिच्या पुढे २०० फुटांच्या आत टेकली पाहिजेत, खुणेच्या अलीकडे एक फूटही चालत नाही. समोरून वारा होता आणि मी फ्लॅप्स (पंखांमागच्या पट्ट्या, त्या टाकल्या की विमान लवकर खाली येतं) घाईने टाकले. फायनलवर, म्हणजे रनवेच्या सरळ रेषेत आलो तेव्हाच कळलं की पोचत नाही. खूण काचेत वर वर सरकत होती. दोन विमानं मावतील एवढं अलीकडे टेकलो. एक्झामिनर काही बोलला नाही, फक्त पेन काढलं.

दोन्ही परीक्षा नंतर पास झालो. शिवाय एक चेकराइड वाऱ्यामुळे अर्धवट सोडावी लागली, आणि स्कूलच्या अंतर्गत स्टेज चेकपैकी दोन पुन्हा द्यावे लागले. मग आकडा किती, दोन, तीन की पाच? सोबतचे मित्र म्हणतात, अमेरिकेतलं इथे कोण बघतंय, ‘नाही’ लिही. घरी शेतावर बोजा आहे आणि गावात मी गेलो त्या दिवसापासूनच माझं नाव ‘पायलट’ पडलंय. जाणकारांनी सांगावं.

तापीकाठ: भाऊ, विचारलं तेवढंच सांगावं हे खरं, पण इथे विचारलंय की! मला विमानातलं ओ की ठो कळत नाही, पण फॉर्मखाली ‘वरील माहिती सत्य आहे’ असं लिहून तुझी सही असणार ना?

टेलविंड: मी या धंद्यात आहे, म्हणून जरा लांबवतो.

आकडा दोन. चेकराइड संपून हातात नोटीस ऑफ डिसअप्रूव्हल पडली, तेच नापास. वाऱ्यामुळे थांबलास तेव्हा लेटर ऑफ डिसकंटिन्युअन्स मिळालं असेल, ते नापासात धरत नाहीत. ६० दिवसांच्या आत उरलेला भाग दिलास तर आधीचा झालेला भाग जमा धरतात, म्हणजे ती एकच परीक्षा दोन बैठकांत झाली. ते पत्र मात्र जपून ठेव. स्टेज चेक ही स्कूलची आतली तपासणी. फॉर्मवर ‘फ्लाइट टेस्ट’ असेल तर ते त्यात येत नाहीत. ‘ट्रेनिंगमधलं कोणतंही अपयश’ असे शब्द असतील तर येतात. तेव्हा प्रश्नाचं इंग्रजी पुन्हा वाच, शब्दन् शब्द.

आता ‘कोण बघतंय’. अमेरिकेत यावर बरंच रक्त सांडलंय. २००९ साली बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, जमिनीवरचा एक धरून ५० जण गेले. कॅप्टनने नोकरीच्या अर्जात आपल्या सगळ्या नापास चेकराइड सांगितल्या नव्हत्या, हे चौकशीत निघालं. २०१० साली कायदा झाला की पायलटांच्या नोंदींचा डेटाबेस करा. तो रेंगाळला. २०१९ च्या फेब्रुवारीत ह्यूस्टनजवळ अॅटलस एअरचं मालवाहू विमान पडलं, तिघे गेले. तिथेही को-पायलटने ट्रेनिंगमधल्या आधीच्या अडचणी कंपनीपासून लपवल्या होत्या. डेटाबेसचा अंतिम नियम आला २०२१ साली. तो तिथल्या कंपन्यांसाठी आहे, इथली एअरलाइन त्यात डोकावणार नाही. पण आपल्याकडेही २०११ साली बनावट गुणपत्रिका देऊन लायसन्स काढलेले पायलट पकडले गेले, तेव्हा जुने कागद उकरले गेलेच. तुझा गुन्हा तसा नाही, अजून तरी. ‘नाही’ लिहिलंस तर होईल. नोकरीच्या आठव्या वर्षी, कमांडच्या (कॅप्टन होण्याच्या) तोंडावर हे निघालं तर तेव्हा दोन नापासांबद्दल कोणी विचारणार नाही, सहीबद्दल विचारतील.

एफएएच्या (अमेरिकेतली डीजीसीएसारखी संस्था) ओक्लाहोमा सिटीतल्या ऑफिसकडून स्वतःच्या फाइलची प्रत मागवता येते. आधी ती मागव, मग भर. आणि मुलाखतीत एक्झामिनर खडूस होता, वारा होता, असली रडगाणी नकोत. वारा सगळ्यांनाच असतो. फ्लॅप्स घाईने टाकले, नंतर असा असा सराव केला, पुढच्या वेळी खुणेपुढे अमुक फुटांवर उतरलो. बास.

गिरणाई: माझे काका एसटीत चालक होते. पहिल्या ट्रायलला रिव्हर्समध्ये खांब पाडला होता. निवृत्तीपर्यंत प्रत्येक नव्या पोराला स्वतःच सांगायचे. धागाकर्त्याला शुभेच्छा.

धागाकर्ता: टेलविंड, तुमचे फार आभार. दोन लिहितोय.

खरं सांगायचं तर अडचण फॉर्मची कमी आणि घरची जास्त होती. दुसऱ्या वेळेची फी आणि वाढीव तास यांचे पैसे मी आप्पांकडून ‘पेट्रोल महागलं’ म्हणून मागवले होते. काल रात्री ओट्यावर सगळं सांगितलं. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, “पास व्हयना ना? मंग लिखी दे.” पेट्रोलचा विषय निघाला नाही. निघेल कधीतरी.

फाइलची प्रत मागवली आहे. तोवर घरातले कागद काढले तर कमर्शियलच्या नोटिशीवर ०३/०७ आहे, आणि मी फॉर्मवर ३ जुलै लिहून मोकळा होणार होतो. तिकडे महिना आधी लिहितात, म्हणजे तो ७ मार्च. ३ जुलैला तर मी परत येऊन इथे कपाशी निंदत होतो. आता तारखेत महिना अक्षरी लिहिलेला चालतो का, एवढं कोणी सांगाल का?