फ्रँकनयुरा ते आर्को : कातळचढाईसाठी सायकलने जाण्याविषयी मार्गदर्शन हवे

करवीरचा_आरोही :

नमस्कार. मी आणि माझी पत्नी कोल्हापूरचे रहिवासी असून पावसाळा सरला की सह्याद्रीतील सुळक्यांवर आणि थंडीत बदामीच्या वालुकाश्मावर प्रस्तरारोहण करतो. सायकलचीही सवय आहे. रविवारी पन्हाळा किंवा जोतिबा ठरलेला असतो आणि जोडून सुटी आली की गगनबावड्याहून करूळ घाट उतरून दुसऱ्या दिवशी तोच घाट चढून परत येतो. पुढील वर्षी दोघांनाही एकाच वेळी सुमारे दोन महिन्यांची रजा मिळण्याची शक्यता असल्याने युरोपातील चढाईची ठिकाणे पाहावीत, आणि त्यासाठी मोटार भाड्याने न घेता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सायकलनेच जावे, असा विचार आहे.

आमच्या यादीत फाँतेनब्लो आणि व्हर्दाँ (फ्रान्स), सिउराना (स्पेन), आर्को (इटली), फ्रँकनयुरा (जर्मनी) आणि कालिम्नोस (ग्रीस) ही नावे आहेत. यांतील कोणती ठिकाणे सायकलने जोडणे व्यवहार्य आहे, दोर आणि इतर साहित्याचे ओझे सायकलवर कसे न्यावे, आणि दिवसभर सायकल चालवून दुसऱ्या दिवशी कातळावर हात चालतात का, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती. आम्ही दोघे फ्रेंच प्रतवारीत ६अ ते ६क या दरम्यान चढतो, त्यामुळे विक्रम करण्याचा प्रश्नच नाही.

घाटवाट :

आपल्या यादीतील सहाही ठिकाणे उत्तम आहेत, पण ती एका प्रवासात बसणार नाहीत. याचे कारण अंतरापेक्षा ऋतू हे आहे. सिउरानाला उन्हाळ्यात कातळ तापतो, तेथे शरद ते वसंत हा काळ योग्य. कालिम्नोस हे बेट असल्याने तेथे पोहोचण्याचा शेवटचा टप्पा बोटीचा, आणि तेथे गेल्यावर बहुतेक लोक स्कूटरच भाड्याने घेतात. फाँतेनब्लोला दोर लागतच नाही. तेथे लागते ती पडल्यावर झेलणारी जाड गादी, आणि ती सायकलवर नेणे म्हणजे भर वाऱ्यात शीड घेऊन निघण्यासारखे आहे. शिवाय तेथील वालुकाश्म पावसानंतर ओला असताना ठिसूळ होतो आणि त्यावर चढू नये असा दंडक आहे, म्हणजे चार दिवस पाऊस लागला तर चारही दिवस बसून काढावे लागतील. व्हर्दाँच्या दरीत अनेक मार्गांना वरून रॅपल करून, म्हणजे दोरावरून घसरत, उतरावे लागते आणि मग चढून बाहेर यावे लागते, त्यामुळे पहिल्याच परदेशवारीत मी ते सुचवणार नाही.

राहिली फ्रँकनयुरा आणि आर्को. माझ्या मते आपला प्रवास याच दोन ठिकाणांमध्ये आहे, आणि तो उत्तरेकडून दक्षिणेकडे करावा. ऑगस्टच्या अखेरीस न्युरेंबर्गला उतरावे. फ्रँकनयुरा हा बांबेर्ग, बायरॉइट आणि न्युरेंबर्ग यांच्या मधला चुनखडीचा, जंगलात विखुरलेला प्रदेश आहे. वसंतात पक्ष्यांच्या विणीसाठी तेथील काही कातळ बंद ठेवतात, ते तोपर्यंत खुले झालेले असतात. झाडांच्या सावलीमुळे उन्हाचाही त्रास कमी होतो. याच भागात कुर्ट आल्बर्ट या आरोहकांनी १९७५ च्या सुमारास, खिळे किंवा दोर न ओढता केवळ कातळाच्या आधाराने चढलेल्या मार्गांच्या पायथ्याशी लाल ठिपका रंगवण्याची प्रथा सुरू केली आणि आज जगभर ज्याला 'रेडपॉइंट' म्हणतात ती पद्धत तेथून निघाली. व्होल्फगांग ग्युलिश यांचा १९९१ चा 'अॅक्शन डिरेक्ट' हा ९अ प्रतीचा, अतिशय अवघड मार्गही तेथलाच. आपल्याला त्याचा उपयोग नाही, पण पायथ्याशी जाऊन मान वर करून पाहायला कोणी पैसे घेत नाही.

तेथून दक्षिणेकडे आल्टम्युल नदीच्या काठाने सायकलमार्ग आहे आणि त्या खोऱ्यातही चढाईचे चुनखडी कातळ आहेत. पुढे म्युनिक, तेथून आखनझे सरोवरावरून इन नदीच्या खोऱ्यात उतरावे आणि नदीकाठाने इन्सब्रुक गाठावे. इन्सब्रुक आणि आपले कोल्हापूर समुद्रसपाटीपासून जवळजवळ सारख्याच, म्हणजे सुमारे ५७० मीटर उंचीवर आहेत. ब्रेनर खिंड सुमारे १३७० मीटरवर आहे, म्हणजे ८०० मीटरची चढण आपल्याला ओझ्यासह काढावी लागेल. करूळ घाट चढणाऱ्यांना ती भारी नाही, फक्त ती लांब आहे. खिंडीपलीकडे इटलीत काही अंतर जुन्या रेल्वेमार्गाच्या जागेवर बांधलेला सायकलमार्ग लागतो, आणि पुढे बोल्झानोपासून त्रेंतोपर्यंत आदिजे नदीच्या काठाने सफरचंदांच्या बागांमधून उतारावर जात राहायचे. रोव्हेरेतोजवळच्या मोरी गावातून तोर्बोलेकडे सायकलमार्ग फुटतो, तो गार्दा सरोवरावर उतरतो आणि तेथून आर्को अगदी जवळ आहे.

आर्कोला सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरमध्ये पोहोचलात तर हवा चढाईला अनुकूल मिळेल. रॉक मास्टर ही प्रसिद्ध स्पर्धा १९८७ पासून येथेच भरत आली आहे, त्यामुळे गावाला चढाई करणाऱ्यांची सवय आहे. मास्सोने नावाच्या ठिकाणचा कातळ ऑलिव्हच्या बागांवर उभा आहे आणि सार्का नदीच्या खोऱ्यात पुढे पिएत्रामुरातापाशी कलत्या फरशीसारखे लांब, अनेक टप्प्यांचे सोपे मार्ग आहेत. सह्याद्रीत सुळके चढलेल्यांना हे दुसरे अधिक आवडेल असा माझा अंदाज आहे.

ठिकाणे कमी ठेवावीत आणि प्रत्येक ठिकाणी मुक्काम मोठा करावा, एवढेच आग्रहाने सांगेन. रोज तंबू गुंडाळून निघालात तर ती सायकल सहल होईल आणि दोर नुसताच फिरून येईल.

व्हिसाविषयी थोडक्यात : शेंगेन प्रदेशात १८० दिवसांत ९० दिवस राहता येते, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे तो करायचा असतो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. मात्र कित्येक विम्यांत प्रस्तरारोहण वगळलेले असते, तेव्हा ते कलम लेखी तपासून घ्यावे.

उद्यमनगरी :

मार्गाविषयी वरील सदस्यांनी लिहिले आहेच, मी फक्त ओझ्याविषयी लिहितो.

साडेनऊ मिलिमीटर जाडीचा दोर मीटरला साधारण ६० ग्रॅम भरतो. फ्रँकनयुरातील मार्ग आखूड असल्याने तेथे ६० मीटरचा दोर पुरतो, पण आर्कोला अनेक मार्गांवर ७० मीटरचा हवा, म्हणून ७० मीटरचाच न्यावा. तो सुमारे ४.२ किलो होतो. चौदा क्विकड्रॉ (कातळातील बोल्टला दोर अडकवण्याच्या दुहेरी कड्या) दीड किलोच्या आत बसतात. दोन हार्नेस, दोन जोड बूट, दोन हेल्मेट आणि बिलेचे, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळण्याचे, साहित्य मिळून आणखी तीन किलो धरावेत. म्हणजे दोघांत मिळून नऊ किलोंच्या आसपास, आणि हे काही फार नाही. चढाई आणि सायकल या दोन्हींची प्रमाणपत्रे असलेली हेल्मेट मिळतात, ती घेतली तर आणखी दोन नग वाचतात. फ्रँकनयुरात पहिला बोल्ट बऱ्याचदा उंचावर असतो, तेव्हा जमिनीवरूनच त्यात दोर अडकवण्यासाठी दुमडणारी काठी नक्की न्यावी आणि ती सायकलच्या आडव्या नळीला बांधावी.

दोर मागच्या कॅरिअरवर वर आडवा बांधण्याची पद्धत चुकीची आहे. त्याने चढणीवर पुढचे चाक हलके होते आणि उतारावर सायकल शेपूट हलवू लागते. दोर जलरोधक पिशवीत घालून पुढच्या चाकाच्या बाजूच्या, आसाच्या पातळीवरील झोळीत ठेवावा आणि दुसऱ्या बाजूच्या झोळीत क्विकड्रॉ व हार्नेस घालून वजन जुळवावे. साखळीचे तेल आणि पेट्रोलवर चालणारा स्टोव्ह यांच्याशेजारी दोर ठेवू नये. बॅटरीतील आम्लाचा नुसता संशय आला तरी तो दोर वापरातून काढावा, कारण आम्लाने नायलॉन कुजतो आणि वरून काहीही दिसत नाही.

पुढचे कॅरिअर आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातील कारखान्यांत बनवून घेता येते. पोलादी पोकळ नळी १० मिलिमीटर व्यासाची घ्यावी. तिची भिंत पातळ असल्याने विजेच्या वेल्डिंगने ती जळून भोक पडते, म्हणून गॅसवर पितळेने जोड भरणारा जुना कारागीर शोधावा. प्रथम चाक बसवून, जोडांना तात्पुरते टाके मारून, झोळी अडकवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे आणि मगच पक्के जोड भरावेत. ॲल्युमिनियमचे कॅरिअर हलके असते खरे, पण वाटेत मोडले तर गावातला लोहार ते सांधू शकत नाही. सायकलच्या पुढच्या काट्याला ५ मिलिमीटरच्या स्क्रूची भोके आहेत की नाहीत हे आधी पाहावे. कार्बनचा किंवा स्प्रिंगचा काटा असेल तर हा बेत सोडून द्यावा.

विमानासाठी सायकल दुकानातून मिळणारा पुठ्ठ्याचा खोका पुरतो. डावे पॅडल उलट्या आट्यांचे असते, ते घड्याळाच्या दिशेने फिरवले की सुटते. नवखे लोक नेमके तेथेच पाना मोडतात. गॅसचा डबा विमानात चालत नाही, तो तिकडे घ्यावा. तूप, पेढे यांसारखे दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, शेंगदाण्याच्या चटणीला हरकत नाही.

स्नायू_आणि_सांधे :

मी शहरात फिजिओथेरपीचा व्यवसाय करते, त्यामुळे आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

सायकलने पाय थकतात आणि चढाईला हात लागतात, म्हणून दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात अडचण तळहातात येते. हँडलवर तासन्‌तास भार टाकल्याने करंगळीच्या बाजूच्या तळव्यातून जाणारी अल्नर नस दाबली जाते आणि करंगळी व अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो. फ्रँकनयुराच्या कातळात खोबणी फार आहेत, त्यांत अनेकदा मधले बोट आणि अनामिका एवढीच दोन बोटे बसतात. ज्या बोटाची जाणीव कमी झाली आहे त्यावर शरीराचा भार टाकला तर पकड किती उरली हे मेंदूला उशिरा कळते आणि त्या बोटाच्या कंडरेला (स्नायू हाडाशी जोडणाऱ्या दोरीला) इजा होऊ शकते. म्हणून हँडल थोडे उंच करावे, त्यावर दुहेरी पट्टी गुंडाळावी, दर काही मिनिटांनी हाताची जागा बदलावी, आणि बोटे बधिर असतील त्या दिवशी खोबणीचे मार्ग टाळून मोठ्या पकडींचे मार्ग घ्यावेत.

याहून महत्त्वाचे आहे बिले देणाऱ्याचे भान. दिवसभर सायकल चालवून आलेला माणूस खाली उभा राहून डुलक्या घेत असेल तर वर चढणाऱ्याचे काय, हा विचार करावा. लांबचा टप्पा संपवून पोहोचलेल्या दिवशी चढू नये आणि दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत झोप काढावी, असे मी माझ्या रुग्णांना सांगते.

थकव्याचे एक जुने उदाहरण आहे. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक हेरमान बूल १९५२ मध्ये तेथील लांडेकहून सायकलने स्वित्झर्लंडला गेले, पिझ बादिले या शिखराची ईशान्य भिंत एकट्याने साडेचार तासांत चढले आणि सायकलनेच परत निघाले, तेव्हा वाटेत चालत्या सायकलवर झोप लागून ते थेट इन नदीत पडले. ते वाचले. आपणही त्याच नदीच्या काठाने जाणार आहात, म्हणून आठवले.

रेल्वेप्रेमी :

एक वेगळे मत मांडतो, राग नसावा. म्युनिकच्या फ्रान्झ आणि टोनी श्मिड या भावांनी १९३१ मध्ये झेरमॅटपर्यंत सायकल हाकत जाऊन मॅटरहॉर्नची उत्तर भिंत प्रथम चढली, हे सर्व मंडळी अभिमानाने सांगतात. मात्र त्यांच्याकडे पर्याय नव्हता, पैसे नव्हते. आपल्याकडे पर्याय आहे. जर्मनी आणि इटलीतील प्रादेशिक गाड्यांत वेगळे तिकीट काढून सायकल नेता येते. पाऊस लागला किंवा बोट दुखावले तर ब्रेनरचा टप्पा रेल्वेने काढावा आणि वाचलेले दिवस आर्कोला द्यावेत. सायकल ठिकाणाच्या आसपास फिरायला तर हवीच, कारण फ्रँकनयुरातील कातळ एका गावात नाहीत.

करवीरचा_आरोही :

सर्वांचे मनापासून आभार. फ्रँकनयुरा ते आर्को हाच मार्ग नक्की करतो आणि रेल्वेचा पर्याय हाताशी ठेवतो. आणखी दोन शंका आहेत. अनेक टप्प्यांचा मार्ग चढताना सायकली कोठे ठेवाव्यात? आणि निघण्यापूर्वी येथे रंगीत तालीम कशी करावी?

घाटवाट :

आर्कोला कोलोद्री डोंगराच्या पायथ्याशीच तंबूंची जागा आहे, तेथे सायकली कुलूपबंद ठेवून चालत कातळावर जाता येते. पिएत्रामुराताला जाताना मात्र झोळ्या तंबूत काढून ठेवाव्यात, रिकाम्या सायकली पायथ्याच्या गावात, वर्दळीच्या जागी, एकमेकींना व खांबाला अडकवाव्यात, आणि पासपोर्ट वर चढताना बरोबर असावेत. परतताना अंधार पडण्याची शक्यता धरून परावर्तक जाकीट जवळ ठेवावे. इटलीत गावाबाहेर रात्री आणि बोगद्यांत ते सायकलस्वारांना सक्तीचे आहे. वाहतूक उजव्या बाजूने असते, आणि सवय मोडते ती चौकात डावीकडे वळताना, हे दोघांनीही ध्यानात ठेवावे.

तालमीसाठी बदामीच घ्यावी. निपाणी, चिकोडी, मुधोळ, लोकापूर या वाटेने ती दोनशे किलोमीटरांच्या थोडी पुढे आहे, रस्ता फारसा चढाचा नाही आणि डिसेंबर-जानेवारीत हवाही बरी असते. पूर्ण ओझे घेऊन, तंबू आणि स्टोव्हसह जावे, एक दिवस आराम करून मग चढावे आणि परतही सायकलनेच यावे. उसाचा हंगाम असल्याने ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रंदिवस चालू असतात, म्हणून अंधार पडण्याआधी मुक्काम गाठावा. उद्यमनगरातून बनवलेल्या कॅरिअरचे स्क्रू रोज संध्याकाळी तपासून कोणता सैल होतो ते लिहून ठेवावे, आणि त्या मापाचे जादा स्क्रू युरोपात न्यावेत.